चित्रपटांतील कुत्री

चित्रपटांतील कुत्री : चित्रपटाच्या कथेत स्वतंत्र पात्र म्हणून आलेल्या व प्रेक्षकांच्या स्मरणात नावानिशी राहिलेल्या कुत्र्यांचा येथे विचार केला आहे. घोडा, हत्ती, माकड, नाग, गाय, बैल इ. अनेक प्राणी पडद्यावर आले. तथापि कुत्र्याइतके सातत्य त्यांपैकी क्वचितच कोणाला लाभले. माणसाळलेल्या प्राण्यांत कुत्रा सर्वांत जुना असून माणसाची नजर, हाताची खूण व आवाजातील चढउतार यांचा अर्थ तो सहज लावतो. एकदा शिकविलेली कृती तो कॅमेऱ्यासमोर पुन:पुन्हा करू शकतो. शिवाय त्याच्या डोळ्यांत, कानांत व शेपटीत माणूस आपल्या भावना वाचू शकतो. तरीही पडद्यावरील कुत्रा रूढ अर्थाने अभिनय करीत नाही. तो शिकविलेली लहानशी कृती करतो. तिला निष्ठा, शोक किंवा सूड यांचे रूप येते ते संकलनामुळे, संगीतामुळे व मुख्यत: प्रेक्षकाच्या श्रद्धेमुळे. या श्रद्धेची मुळे चित्रपटाहून फार जुनी आहेत आणि तिचे परिणाम चित्रपटगृहाच्या बाहेर खऱ्या कुत्र्यांना भोगावे लागतात.

पूर्वपरंपरा : भारतीय कथापरंपरेत कुत्र्याकडे पाहण्याची दृष्टी दुहेरी आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात अखेरपर्यंत साथ देणाऱ्या कुत्र्याला मागे टाकून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिर नकार देतो आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म असल्याचे उघड होते. दत्तात्रेयाच्या पायांशी असणारे चार श्वान हे चार वेदांचे प्रतीक मानले जातात. खंडोबाच्या उपासनेत कुत्र्याला मान असून त्याचे वाघ्ये काही विधींत कुत्र्याप्रमाणे वागतात. उलटपक्षी मराठीत ‘कुत्र्याचे जिणे’ हा हीन आयुष्याचा पर्याय आहे. लोकप्रिय हिंदी चित्रपटाने हा दुहेरीपणा जसाच्या तसा उचलला. नायकाने खलनायकाला दिलेली सर्वांत परिचित शिवी कुत्र्याच्याच नावाची असते आणि त्याच नायकासाठी प्राण देणारा इमानी जीवही कुत्राच असतो.

मूकपटांचा काळ : कुत्रा मध्यवर्ती असलेला पहिला गाजलेला चित्रपट म्हणजे रेस्क्यूड बाय रोव्हर (१९०५) हा सेसिल हेपवर्थ यांचा इंग्रजी लघुपट होय. पळवून नेलेल्या तान्ह्या मुलाचा माग काढून कुत्रा वडिलांना त्याच्यापर्यंत नेतो, एवढीच त्याची कथा. ब्लेअर हा हेपवर्थ कुटुंबातील कुत्रा त्यात रोव्हर झाला होता. रस्ता, नदी व गरीब वस्ती यांतून कुत्रा एकाच वाटेने जातो, परत येतो आणि धन्याला घेऊन पुन्हा जातो. दृश्यांच्या या जोडणीमुळे त्याला काही ठाऊक आहे, तो काही ठरवीत आहे, असा भास निर्माण झाला. चित्रपटाला इतकी मागणी आली, की प्रती काढून काढून मूळ फिल्म झिजली व तो आणखी दोनदा चित्रित करावा लागला.

अमेरिकेत व्हिटाग्राफ कंपनीच्या चित्रपटांतील जीन ही कुत्री १९१० च्या सुमारास लोकप्रिय झाली. त्यानंतर जर्मन शेफर्ड जातीचे युग सुरू झाले. जर्मनीत शिकविलेला एट्झेल हा कुत्रा अमेरिकेत आणून स्ट्राँगहार्ट या नावाने द सायलेंट कॉल (१९२१) मध्ये पडद्यावर आला. त्याहून अधिक कीर्ती रिन टिन टिनला मिळाली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, सप्टेंबर १९१८ मध्ये, ली डंकन या अमेरिकन सैनिकाला फ्रान्समधील फ्लिरे या गावाजवळ उद्ध्वस्त श्वानशाळेत कुत्रीची नवजात पिले सापडली. त्यांपैकीच हा एक. व्हेअर द नॉर्थ बिगिन्स (१९२३) या चित्रपटाने तो घरोघरी पोहोचला आणि वॉर्नर ब्रदर्स या कंपनीच्या उत्कर्षास त्याच्या चित्रपटांचा मोठा हातभार लागला. मूकपटात माणूस व प्राणी दोघेही अबोल असल्याने कुत्रा कोठेही उणा पडत नसे. बोलपट आल्यावर हे समान पातळीवरचे नाते संपले आणि १९२९ मध्ये कंपनीने रिन टिन टिनशी असलेला करार संपविला. १९३२ मध्ये तो मरण पावला.

बोलपट व नंतरचा काळ : संवादप्रधान चित्रपटात कुत्रा नायकाच्या जागेवरून कुटुंबातील सदस्याच्या जागी आला. द थिन मॅन (१९३४) मधील ॲस्टा हा फॉक्स टेरियर विनोदी पात्र ठरला. द विझार्ड ऑफ ऑझ (१९३९) मधील टोटोचे काम टेरी या केर्न टेरियर जातीच्या कुत्रीने केले. एरिक नाइट यांच्या कादंबरीवरील लॅसी कम होम (१९४३) या चित्रपटाने कोली जातीचे कुत्रे जगभर परिचित केले. गरिबीमुळे विकली गेलेली लॅसी शेकडो मैल चालून आपल्या मुलाकडे परत येते, ही कथा युद्धकाळातील ताटातुटीने व्याकूळ झालेल्या प्रेक्षकांच्या मनाला भिडली. कथेत लॅसी मादी असली, तरी भूमिका पाल या नराने केली. त्याचे प्रशिक्षक रड वेदरवॅक्स होते. १९५४ पासून लॅसीची मालिका दूरचित्रवाणीवर सुमारे दोन दशके चालली.

या गोड परंपरेला छेद देणारे चित्रपटही झाले. व्हित्तोरिओ दे सीका यांच्या उम्बेर्तो डी. (१९५२) मध्ये निवृत्त, निर्धन वृद्धाजवळ फ्लाइक या लहान कुत्र्याखेरीज काही उरलेले नाही. येथे कुत्रा पराक्रम करीत नाही, केवळ त्या माणसाला मरणापासून मागे खेचतो. ओल्ड येलर (१९५७) मध्ये पिसाळलेल्या लांडग्याशी झुंजलेल्या कुत्र्याला रेबीज होतो आणि ज्या मुलाला त्याने जपले त्यालाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते. बेंजी (१९७४) चा नायक हिगिन्स हा कोणत्याही शुद्ध जातीचा नसलेला, प्राणी-आश्रयगृहातून आणलेला कुत्रा होता. जपानमधील शिबुया रेल्वे स्थानकावर मृत धन्याची वर्षानुवर्षे वाट पाहणारा हाचिको हा अकिता जातीचा कुत्रा १९३५ मध्ये मरण पावला. त्याच्या जीवनावर १९८७ मध्ये जपानी व २००९ मध्ये अमेरिकन चित्रपट निघाला.

तंत्र : पडद्यावरील कुत्र्याची नजर बहुधा नटाकडे नसून कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाकडे असते. हाताच्या खुणा, आवडते खेळणे किंवा खाऊचा तुकडा यांच्या आधारे तो चालतो, थांबतो, मान वळवितो, पंजा उचलतो. एक दीर्घ प्रसंग प्रत्यक्षात अशा पाचदहा सेकंदांच्या तुकड्यांचा बनलेला असतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले, की नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडला असता प्रेक्षकाला त्यात वेगवेगळे भाव दिसतात. कुत्र्याच्या बाबतीत हे तत्त्व विशेष लागू पडते. खाऊकडे टक लावलेला चेहरा धन्याच्या चितेच्या दृश्याला जोडला, की तो शोकमग्न वाटतो. एकाच भूमिकेसाठी दिसण्यात सारखी अशी अनेक कुत्री वापरण्याची पद्धत आहे. एक धावण्यात तरबेज, दुसरे शांत बसण्यात, तिसरे भुंकण्यात. भुंकणे, केकाटणे व गुरगुरणे हे आवाज पुष्कळदा नंतर स्वतंत्रपणे भरले जातात. संगणकीय चित्रणामुळे आता प्रत्यक्ष कुत्र्यावाचूनही भूमिका उभी करता येते. द कॉल ऑफ द वाइल्ड (२०२०) मधील बक हा कुत्रा याच रीतीने निर्माण केलेला आहे.

भारतीय चित्रपट : मुंबईच्या वाडिया मूव्हीटोन (स्थापना १९३३) या संस्थेच्या साहसपटांत प्राण्यांना मानाचे स्थान होते. नादिया या नटीच्या जोडीला ‘पंजाब का बेटा’ हा घोडा व ‘गनबोट’ हा कुत्रा असे. अमेरिकन मालिकापटांचा हा प्रभाव जे. बी. एच. वाडिया व होमी वाडिया या बंधूंनी देशी साच्यात बसविला. पुढे मर्द (१९८५) सारख्या चित्रपटांत नायकाबरोबर घोडा व कुत्रा ही जोडी पुन्हा दिसली.

कुत्र्याला पूर्ण नायकत्व दिले ते तेरी मेहरबानियाँ (१९८५) या चित्रपटाने. के. सी. बोकाडिया यांची निर्मिती व विजय रेड्डी यांचे दिग्दर्शन असलेला हा चित्रपट एका कन्नड चित्रपटावर आधारित होता. जॅकी श्रॉफ यांनी रंगविलेल्या नायकाने मोती या कुत्र्याला जीवदान दिलेले असते. गावातील जुलमी ठाकूर व त्याचे साथीदार नायकाचा खून करतात आणि मोती एकेकाला गाठून सूड घेतो. त्या काळच्या सूडपटांत भावाने किंवा मुलाने पार पाडावयाचे कर्तव्य येथे कुत्र्याकडे आले. न्यायालय व पोलीस जेथे पोहोचत नाहीत तेथे मुका जीव न्याय करतो, ही कल्पना खेड्यापाड्यांतील प्रेक्षकांना सहज पटली. कथा अतिरंजित असूनही तिचा प्रभाव दीर्घकाळ टिकला, याचे कारण या भावनिक तर्कात आहे.

हम आपके हैं कौन..! (१९९४) या राजश्री प्रॉडक्शन्सच्या चित्रपटातील टफी हा पांढरा, केसाळ कुत्रा याहून निराळ्या प्रकृतीचा. तो समृद्ध एकत्र कुटुंबाचा घटक आहे, घरच्या क्रिकेट सामन्यात पंच होतो आणि कथेच्या अखेरीस एक चिठ्ठी भलत्याच भावाच्या हाती देऊन लग्नाचा पेच सोडवितो. चिठ्ठी नेण्यापूर्वी कृष्णाची मूर्ती दाखविलेली असल्याने कुत्र्याची कृती दैवी योजनेचा भाग ठरते. युधिष्ठिराच्या कुत्र्यामागे धर्म उभा होता, टफीमागे गृहदेवता. टफीची भूमिका रेडो नावाच्या कुत्र्याने केली. दिल धडकने दो (२०१५) मध्ये प्लूटो हा कुत्रा श्रीमंत कुटुंबाचा निवेदक असून त्याला आमिर खान यांचा आवाज लाभला आहे.

रस्त्यावरचा बेवारशी कुत्रा हा विषय चिल्लर पार्टी (२०११) या चित्रपटाने हाताळला. मुंबईतील एका वसाहतीत गाड्या धुणारा अनाथ मुलगा व त्याचा भिडू नावाचा कुत्रा राहावयास येतात. भिडूला पकडून नेऊ नये म्हणून वसाहतीतील मुले एका मंत्र्याच्या विरोधात उभी राहतात. आश्रय कुत्र्याला द्यावयाचा की मुलाला, हे दोन प्रश्न येथे एकमेकांत गुंतले आहेत. मारी सेल्वराज यांच्या परियेरुम पेरुमाळ (२०१८) या तमिळ चित्रपटात करुप्पी ही काळी शिकारी कुत्री दलित तरुणाची सोबतीण आहे. वरच्या जातीचे लोक तिला रुळांना बांधून मारतात आणि तिचा मृत्यू नायकाच्या साऱ्या अवहेलनेचे रूप होतो. स्वामिनिष्ठेचा ठरीव साचा मोडून कुत्र्याच्या पात्राला सामाजिक आशय देणारा हा महत्त्वाचा चित्रपट होय. ७७७ चार्ली (२०२२) या कन्नड चित्रपटात एकाकी कामगार व आजारी लॅब्रॅडॉर कुत्री यांच्या प्रवासातून कुत्र्यांच्या बेजबाबदार पैदाशीचा प्रश्न मांडला आहे.

मराठी चित्रपटात कुत्र्यापेक्षा शेतीजीवनाशी निगडित प्राण्यांना अधिक ठळक स्थान मिळाले. वळू (२००८) मध्ये गावावर सोडलेला वळू, फँड्री (२०१३) मध्ये डुक्कर, तर नाळ (२०१८) मध्ये म्हैस व तिचे रेडकू कथेच्या केंद्राशी आहेत. गाव, जात व मातृत्व यांविषयी बोलण्यासाठी मराठी दिग्दर्शकांना हे प्राणी अधिक जवळचे वाटले. कुत्रा मात्र ग्रामीण दृश्यात सर्वत्र असूनही बहुधा पार्श्वभूमीलाच राहिला.

पैदाशीवरील परिणाम : गाजलेल्या चित्रपटानंतर त्यातील जातीच्या पिलांना मागणी वाढते. अमेरिकेतील १९२७ ते २००४ या काळातील ८७ चित्रपटांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असा परिणाम काही बाबतींत दहा वर्षांपर्यंत टिकल्याचे दिसून आले. एकशे एक डाल्मेशियन हा व्यंगपट (१९६१) १९८५ मध्ये अमेरिकेत पुन्हा प्रदर्शित झाल्यावर पुढील आठ वर्षांत तेथील डाल्मेशियन पिलांची नोंदणी सुमारे पाचपट झाली आणि नंतर तितक्याच वेगाने कोसळली. अंगात दांडगाई व धावण्याची ओढ असलेली ही जात लहान घरांना मानवत नाही, हे अनेकांना कुत्रा घरी आणल्यावरच कळते. भारतात असाच अनुभव चित्रपटाऐवजी जाहिरातपटाने दिला. २००३ मध्ये हच या दूरध्वनी कंपनीच्या, गोव्यात चित्रित झालेल्या जाहिरातीत लहान मुलामागे सर्वत्र जाणारा पग कुत्रा दिसला आणि या परदेशी जातीला शहरांतून मोठी मागणी आली. पगचे नाक चपटे असल्याने त्याला श्वास घेणे जड जाते व उष्ण हवा सोसत नाही. लाडक्या रूपाची किंमत प्राण्याच्या शरीराला मोजावी लागते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

प्रतिमा आणि वनप्रदेशातील वास्तव : मोती, टफी, प्लूटो व चार्ली ही सर्व कुत्री विदेशी वळणाच्या जातींची आहेत. भारतातील बहुसंख्य कुत्री मात्र गावठी असून त्यांचे जीवन पडद्यावरील चित्राशी क्वचितच जुळते. हा फरक चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत स्पष्ट दिसतो. गोंडपिपरी हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण या पट्ट्यात येते. अशा भागातील गावठी कुत्रा कोणा एकाचा नसून अनेकदा साऱ्या वस्तीचा असतो. तो शिळ्यापाक्यावर जगतो, गुराख्याच्या मागे रानात जातो, मोहफुले व तेंदूपाने गोळा करणाऱ्यांबरोबर असतो आणि वाघ, बिबट्या किंवा अस्वल जवळ असल्याची पहिली सूचना त्याच्या भुंकण्याने मिळू शकते. चित्रपटातील कुत्रा धन्याला संकटातून सोडवितो. येथे बिबट्या आल्यावर भक्ष्य होण्याची पाळी पुष्कळदा कुत्र्यावरच येते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा आढळला. म्हणजे गावातील मोकाट कुत्र्यांची संख्या हे बिबट्या वस्तीजवळ येण्याचेही एक कारण ठरते. जो राखण करतो तोच संकटाला ओढून आणतो, हा पेच चित्रपटाने अद्याप हाताळलेला दिसत नाही.

याच जंगलांत रानकुत्रा किंवा कोळसून हा कुत्र्याच्या कुलातील वन्य प्राणी आढळतो. तांबूस रंगाचा व झुपकेदार काळसर शेपटीचा हा प्राणी कळपाने शिकार करतो. तो गावठी कुत्र्याचा पूर्वज नव्हे, तर स्वतंत्र जाती आहे. त्याला माणसाळविता आलेले नाही आणि त्यामुळे कथापटात भूमिका देता आलेली नाही. किपलिंग यांच्या मोगलीच्या एका कथेत तो क्रूर टोळीच्या रूपाने येतो. कर्नाटकातील कृपाकर व सेनानी या जोडीने दीर्घ निरीक्षणातून केलेल्या माहितीपटाने त्याच्या कळपातील परस्पर-साहाय्याचे खरे चित्र समोर आणले. आता हा प्राणी संकटग्रस्त मानला जातो. मोकाट कुत्र्यांकडून रेबीज व श्वान-डिस्टेंपर हे रोग वन्य मांसभक्षकांत पसरण्याचा धोका असतो. २०१८ मध्ये गुजरातमधील गीर परिसरात २० हून अधिक सिंह दगावले, त्यांपैकी काहींत डिस्टेंपरचा विषाणू आढळला होता. म्हणून जंगलालगतच्या गावांत कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण हे माणूस, कुत्रा आणि वन्य प्राणी या तिघांच्याही हिताचे आहे.

कायदा व प्राणिकल्याण : चित्रीकरणातील क्रूरतेकडे प्रथम लक्ष गेले ते घोड्यांमुळे. अमेरिकेत जेसी जेम्स (१९३९) या चित्रपटासाठी घोडा उंच कड्यावरून पाण्यात लोटला गेला व मेला. त्यानंतरच्या लोकक्षोभातून तेथे चित्रीकरणस्थळी प्राण्यांवर देखरेख ठेवण्याची पद्धत आली. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला व त्यानुसार १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले. रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. खेळांतील व प्रयोगांतील प्राण्यांविषयी १९७३ मध्ये नियम झाले. त्यांची जागा २००१ च्या नियमांनी घेतली. त्यांनुसार चित्रपटात वापरावयाच्या प्राण्याची नोंदणी, चित्रीकरणाची पूर्वसूचना व पशुवैद्याचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. प्राण्याला उपाशी ठेवणे, गुंगीचे औषध देणे, आगीजवळ नेणे व विनाकारण वेदना देणे निषिद्ध आहे. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या प्रयोगांवर १९९८ पासून व बैलाच्या प्रयोगांवर २०११ पासून बंदी आहे. कुत्र्याचा समावेश या यादीत नसल्याने तो नियमांच्या चौकटीत पडद्यावर येऊ शकतो. चित्रपटाच्या प्रारंभी दिसणारे, कोणत्याही प्राण्याला इजा झाली नसल्याचे निवेदन याच व्यवस्थेतून आले आहे.

हे नियम चित्रीकरणापुरते आहेत. काम संपल्यावर वृद्ध झालेल्या कुत्र्याचे पालन, लोकप्रियतेच्या लाटेत जन्मलेल्या पिलांचे भवितव्य आणि हौस फिटल्यावर रस्त्यावर सोडून दिलेल्या कुत्र्यांचा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. पडद्यावर कुत्रा माणसाशी इमान राखतो. माणसाने कुत्र्याशी राखावयाच्या इमानाची कसोटी चित्रपट संपल्यानंतर लागते.